नमुन्यातलं नाव

मंडळी, बसून घ्या. दाराशी उभे आहात ते पुढे या, इथे सतरंजीवर पुष्कळ जागा आहे. शोकसभेत पुढे बसायला सगळे कचरतात, मला माहीत आहे. पण या. माझा आवाज आज फार लांब जाणार नाही.

मी सुनंदा. रेवाची आत्या. न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला असते. तिथल्या युनिव्हर्सिटीत रेवा शिकत होती आणि माझ्याच घरी राहत होती. श्रीकांत माझा मोठा भाऊ. तो आज बोलणार नाही. मेधावहिनीही बोलणार नाहीत. गुरुजी म्हणाले, घरातलं कोणीतरी दोन शब्द बोला. म्हणून मी उभी आहे. मला भाषण येत नाही. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, तिथे बोलायचं काम कमीच असतं.

बावीस वर्षांच्या मुलीच्या शोकसभेत काय बोलतात हो? म्हाताऱ्या माणसाचं सोपं असतं. संसार केला, मुलं मार्गी लावली, नातवंडं पाहिली, आयुष्याचं सोनं झालं. रेवाचं काय म्हणू? तिचं शेवटचं सेमिस्टर चालू होतं. माझ्या बेसमेंटमध्ये दोरीवर तिचे छापलेले कागद अजून वाळत टाकलेले आहेत. ते काढायला माझा हात होत नाही.

काय झालं ते एकदा नीट सांगते, म्हणजे फोनवरचं ऐकीव थांबेल. दुपारची वेळ होती. लख्ख ऊन होतं. रेवा कागद आणायला गेली होती, तिला हवा तसा जाड कागद एकाच दुकानात मिळायचा. परत येताना रस्त्यावर ब्लॅक आइस होता, डोळ्यांना न दिसणारा पातळ बर्फ. पुढचा ट्रक घसरून आडवा झाला आणि तिची गाडी त्याच्यावर गेली. ती जागच्या जागी गेली. तिला काही कळलं नसेल असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर हे सगळ्यांनाच सांगतात, मी इतकी वर्षं ऐकतेय. पण मी ते खरं मानायचं ठरवलं आहे.

हे तुम्हाला पुन्हा का सांगते? कारण मंडळी, टेक्सासच्या या फ्रिस्कोत दुसरंच एक कारण फिरतंय. आडून बोलायची मला सवय नाही. फोनवर फिरतंय, इंडियन ग्रोसरीच्या रांगेत फिरतंय. पोरीने आपल्या मरणाचं कार्ड आपल्या हाताने केलं. आपलंच नाव त्यात घातलं. आईने फाडलं, तरी पुन्हा केलं. वास्तू तथास्तु म्हणत असते. मग दुसरं काय होणार?

कोण म्हणालं ते मी विचारणार नाही. वाईट मनाने म्हणालं असेल असंही नाही. माणसाला कारण लागतं, आणि बर्फ हे कारण फार लहान वाटतं. पण ते बोलणं हिंडत हिंडत घरी आलं. जिने ऐकू नये तिने ऐकलं. वहिनी जेवत नाहीत हे तुम्ही बघताय. डबे आणताय, आग्रह करताय, तुमचे उपकार आहेत. त्या का जेवत नाहीत ते मी सांगते. त्यांना ते खरं वाटतंय. त्यांना वाटतंय, त्या दिवशी आपण अजून रागावलो असतो, अजून कडक झालो असतो, तर पोर वाचली असती.

म्हणून मी आज रेवाचे गुण सांगायला उभी नाही. मी त्या कार्डाबद्दल बोलायला उभी आहे. त्या नावाबद्दल बोलायला उभी आहे.

आणि नावाबद्दल बोलायचा हक्क माझा आहे. ते नाव मी ठेवलं. तुमच्यातल्या काही जणी तेव्हा होतात. अर्विंगचं ते दुसऱ्या मजल्यावरचं अपार्टमेंट आठवतं? टेक्सासमध्ये पाळणा कुठून आणणार? लाँड्री बास्केटमध्ये वहिनींचा शालू अंथरला होता आणि दोघींनी दोन बाजूंनी धरून ती बास्केट झुलवली होती. मी न्यू जर्सीहून विमानाने आले होते, फक्त तेवढ्यासाठी. मी वाकले, तिच्या कानात कुर्र केलं, रेवा म्हटलं. आणि तुम्ही बायकांनी माझ्या पाठीत असे धपाटे घातलेत की दोन दिवस पाठ दुखत होती. ते नाव मी कानात सांगितलेलं आहे. त्या नावाने मरण आलं असं कोणी म्हणत असेल, तर त्याने आधी माझ्याशी बोलावं.

आता कार्डाकडे येते. त्यासाठी रेवा काय शिकत होती ते सांगायला हवं. वहिनी इथे सांगायच्या, कॉम्प्युटरचं शिकते. अगदीच खोटं नव्हतं ते. डिग्री फाइन आर्ट्सची, त्यात ग्राफिक डिझाइन. पण पहिलं अख्खं वर्ष पोरीने कॉम्प्युटरला हात लावला नाही. कोळशाने चित्रं काढायची, चिकणमातीत हात घालायचे, रंगीत कागद कापून कापून बोटं कापून घ्यायची. माझ्या घरचे बँडएड संपायचे. दादा फोनवर आपल्या वऱ्हाडीत विचारायचा, काऊन वं सुनंदा, हे ड्रॉइंग मास्तर होणार आहे का? मी म्हणायचे, मला काय माहीत बाबा, तुझी पोरगी आहे.

एकदा जेवताना मी विचारलं, आज काय काढलंस?

म्हणाली, एक आजोबा.

कोणाचे आजोबा?

मॉडेल होते आत्या. विदाउट क्लोद्स.

माझा घास हातातच राहिला. ती मात्र शांतपणे वरण कालवत होती. म्हणाली, आत्या, त्यांचा गुडघा बाबांसारखा आहे. बाबा कसे उठताना एका बाजूला वाकतात? मला आधी कधी दिसलंच नव्हतं. टुडे आय सॉ इट.

तिथे त्यांना हे शिकवत होते. आधी बघा. मग काय करायचं ते करा. ती मला म्हणायची, डिझाइन शिकवणाऱ्या शाळा खूप आहेत, पण इथे आधी डोळे तयार करून देतात. माझ्या डायनिंग टेबलवर तिचे कागद नेहमी उलटे पडलेले असायचे. डोकं खाली, पाय वर. मला वाटायचं, पोरगी वेंधळी आहे. मी सरळ करून ठेवायचे, ती पुन्हा उलटे करायची. म्हणाली, सरळ धरलं की आपण वाचायला लागतो. उलटं धरलं की नुसता आकार दिसतो, कुठे गर्दी झाली, कुठे जागा राहिली. हे उलटं धरणं लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध आहे.

इथे सुट्टीत आली की तुमच्या मंडळाचे फ्लायर तीच करायची. गणपती, दिवाळी, कोणाच्या बाळाचा पहिला वाढदिवस. रेवा, तुझं पाच मिनिटांचं काम आहे. रेवा, लोगो मोठा कर. रेवा, इथे एवढी जागा रिकामी कशाला, तिथे कमिटीची नावं टाक. एका काकांनी तिला विचारलं होतं, आता एआय करतं की गं हे सगळं, तू चार वर्षं काय शिकतेस? ती मला हे हसत सांगायची. पण रिकाम्या जागेचं लागायचं तिला. म्हणायची, आत्या, ती जागा रिकामी नसते. ती वाचणाऱ्याला थांबायला असते.

मागच्या उन्हाळ्यात ती विलासकाकांकडे भेटायला गेली होती, तेव्हा त्यांनी तिला एक गोष्ट सांगितली. विलासकाका इथे बसलेले आहेत. मी आज सकाळी त्यांना विचारलं, तुमची गोष्ट सांगू का? ते म्हणाले, सांग, आता लपवून काय करू.

विलासकाकांची आई अकोल्याला वारली. इथे तेव्हा सकाळ होती, काका ऑफिसला निघाले होते. फोनवर रोजचे मेसेज येत होते. गुड मॉर्निंग, सुविचार, गुलाबाची फुलं. त्यातच एक चित्र आलं. मावळता सूर्य, समई, पाकळ्या, खाली पिवळ्या अक्षरांत भावपूर्ण श्रद्धांजली. अशी चित्रं आपल्या सगळ्यांच्या फोनवर रोज येतात. कोणाचे तरी कोणीतरी गेलेले असतात. आपण दोन हात जोडलेलं चित्र टाकतो आणि पुढे जातो. काका पुढे गेले. त्यांनी फोटोही पाहिला नाही. हात जोडलेलं चित्र टाकलं आणि गाडी सुरू केली. दुपारी भावाचा फोन आला, अरे तू नुसते हात जोडतोस? फोन नाही करत? तेव्हा त्यांना कळलं की ती आपली आई होती.

काका, खाली बघू नका. तुमचं काही चुकलं नाही. ते चित्रच तसं होतं. सगळी मरणं एकाच साच्यातली दिसली तर माणसाने ओळखायचं कसं?

रेवा त्या दिवशी तिथून घरी गेली आणि तिने मला फोन केला. म्हणाली, आत्या, ही स्क्रोल्ड पास्ट हिज ओन मदर, स्वतःच्या आईवरूनच पुढे गेले काका. मला माझा थीसिस मिळाला.

शेवटच्या वर्षाला प्रत्येक मुलाने एक मोठं काम करायचं असतं. वर्षाअखेरीला प्रदर्शन असतं, प्रत्येकाला एकेक भिंत मिळते. कोणी कॉफीचं पाकीट करतं, कोणी बँडचं पोस्टर. आमच्या बाईसाहेब म्हणाल्या, मी मरणाचं कार्ड करणार. मराठी घरांसाठी. असं, की जे बघून कोणीही पुढे जाणार नाही.

ती तुमच्याकडे विचारायला आली तेव्हा तुम्हाला राग आला. खोटं कशाला बोलू? मलाही फोन आले होते. सुनंदाताई, भाची विचारतेय की तुमची बातमी कशी कळवलेली आवडेल. हे काय विचारणं झालं? मी तिला म्हटलं, अगं, लोक घाबरतात. ती म्हणाली, आत्या, समबडी हॅज टू मेक इट. ज्या दिवशी लागतं त्या दिवशी कोणाला सुचत नाही. म्हणून आधी करून ठेवायचं.

आणि तुमच्यातले काही जण रागावून का होईना, बोललात. त्यातूनच तिला ते कार्ड सापडलं. एक काकू म्हणाल्या, बातमी कळली की मला पहिलं कळत नाही की जावं का? भारतात आपण निघतो. इथे कोणाकडे फोन न करता जात नाहीत, मग मरणाच्या घरीसुद्धा टेक्स्ट करून विचारावं लागतं, येऊ का? आणि तिकडून काय उत्तर येणार? नको, आम्ही ठीक आहोत. मग कोणीच जात नाही. त्या काकूंचे यजमान गेले तेव्हा त्या पहिले दोन दिवस एकट्या होत्या. अख्खं गाव त्यांना त्रास नको म्हणून घरात बसलं होतं.

तर तिने कार्ड केलं. पांढरा कागद. काळी अक्षरं. फोटो नाही, समई नाही, सूर्य नाही. वर नाव. खूप मोठं. त्याच्याखाली एकच शब्द, गेली. मग रिकामी जागा. मग तळाला बारीक अक्षरांत, कधी, कुठे. आणि शेवटी एक ओळ. दार उघडं आहे, विचारू नका, या.

आता नाव. नमुना करायचा तर कोणाचं तरी नाव लागतं. आधी तिने अमुक तमुक असं लिहिलं होतं. मला दाखवलं. मी वाचलं आणि म्हटलं, छान आहे. ती म्हणाली, बघ, तू थांबली नाहीस. अमुक तमुक कोणाचाच कोणी नसतो. खरं नाव हवं. खऱ्या माणसाचं. जिवंत माणसाचं कोणाचं नाव घालू? तू सांग.

मी काय सांगणार? मी भांडी घासत होते. मी म्हटलं, जेवायला चल.

त्यानंतर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला दादा आणि वहिनी माझ्याकडे आले. टेबलावर ते कार्ड पडलेलं होतं. अर्थात उलटं. वहिनी ताटं मांडत होत्या. त्यांनी सहज तो कागद उचलला आणि सरळ केला. आई काय करणार? उलटी वस्तू दिसली की सरळ करणार. त्यांनी सरळ केला आणि वाचला. रेवा मोहरील. गेली.

त्या किंचाळल्या नाहीत. त्यांनी कागद दोनदा फाडला आणि सिंकमध्ये टाकला. म्हणाल्या, शुभ बोल गं, जरा शुभ बोल. हे काय भलतंच.

रेवा म्हणाली, आई, इट्स ओन्ली अ सॅम्पल.

मग दुसऱ्या कोणाचं नाव घाल.

कोणाचं घालू? तुझं? बाबांचं? आत्याचं?

वहिनी पुन्हा ताटं मांडायला लागल्या. दादा टीव्हीवरचा फुटबॉलचा गेम बघत राहिला, त्याला त्यातलं काही कळत नाही. मग रेवा हळू आवाजात म्हणाली, आई, कागदावरसुद्धा मी कोणाला मारू शकत नाही. माझं एकटीचंच नाव आहे जे मी वापरू शकते.

मंडळी, हे नीट ऐका. तुम्ही जे बोलताय ना, पोरीने स्वतःचं नाव घातलं, त्याचं कारण हे होतं. तिला तुमच्या कोणाचं नाव घालवेना. अपशकुन असतो हे तिला माहीत होतं. अमेरिकेत जन्मलेली असली तरी आपल्या घरात वाढलेली होती ती. इथल्या तिच्या बरोबरीच्या मुलांनी कोणाचंही नाव टाकलं असतं आणि पिझ्झा खायला गेली असती. हिने तुमचा शकुन सांभाळला. तुमच्या सगळ्यांचा.

डिसेंबरमध्ये त्यांचा क्रिट होता. क्रिट म्हणजे काय, तर आपलं काम भिंतीवर लावायचं आणि सगळ्यांनी त्यावर बोलायचं. घरच्यांना यायची परवानगी होती. मी गेले. त्याचे नियम मला फार आवडले. पहिला नियम, काम लावल्यावर कोणी काही बोलायचं नाही. आधी सगळ्यांनी गप्प उभं राहून बघायचं. दुसरा नियम, ज्याचं काम आहे त्याने शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही. लोक काहीही म्हणोत. चुकीचं म्हणोत, वाकडं म्हणोत. आपली बाजू सांगायची नाही, कारण उद्या तो कागद दुनियेत जाईल तेव्हा तुम्ही त्याच्याशेजारी नसाल. तो कागद एकटाच असेल.

रेवा कोपऱ्यात उभी होती. एक मुलगा म्हणाला, फार थंड आहे. एक म्हणाली, फोटो का नाही? प्रोफेसर कार्डासमोर बराच वेळ उभे होते, त्यांना मराठी येत नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, हे वर कोणाचं नाव आहे? आता तू बोल. ती म्हणाली, माझं. प्रोफेसर म्हणाले, मग हे काम झालंय. याला आता हात लावू नकोस.

आता वास्तूचं बोलू. वास्तू तथास्तु म्हणते. बरं. दर वाढदिवसाला वहिनी रेवाला ओवाळायच्या. ती माझ्याकडे आल्यावर फेसटाइमवरून ओवाळायच्या. इथे फ्रिस्कोत फोन तांदळाच्या डब्याला टेकवून त्याच्यापुढे निरांजन फिरवायच्या, आणि तिकडे ती पाटावर बसायची, आंघोळ करून, कपाळाला टिकली लावून. औक्षण म्हणजे काय? आयुष्य मागणं. बावीस वर्षं आईने आयुष्य मागितलं. मी शतायुषी हो म्हटलं. तुम्ही म्हटलं. तेव्हा वास्तू कुठे गेली होती? तिला फक्त वाईटच ऐकू येतं का? आईचं ऐकू येत नाही आणि शाळेचा नमुना ऐकू येतो, अशी वास्तू असेल तर तिला हात जोडायचं मला काही कारण दिसत नाही.

मी दिवसभर लॅबमध्ये नावं चिकटवते. रक्ताच्या नळीवर नाव, स्लाइडवर नाव. ज्यांना जगायचं असतं ते जगतात, ज्यांचं संपतं त्यांचं संपतं. नाव लिहिल्याने कोणी गेलेलं मी पाहिलं नाही. रस्त्यावर बर्फ होता, वहिनी. बर्फाला मराठी वाचता येत नाही. त्याने नाव बघितलं नाही.

तुम्ही अजून रागावला असता तरी बर्फ होताच.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी इथल्या मंडळातून मला एक चित्र आलं. कोणीतरी प्रेमाने केलं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. रेवाचा हायस्कूलचा फोटो, मागे मावळता सूर्य, समई, पाकळ्या. ताई, हे पाठवू का? मी ते बघितलं आणि मला विलासकाका आठवले. मी म्हटलं, थांबा.

क्लेअर, रेवाच्या वर्गातली मैत्रीण, तिथे खांबाजवळ बसली आहे. मराठीचं अक्षर कळत नसताना एवढ्या लांब आलीये. ती माझ्या घरी आली, रेवाच्या लॅपटॉपवर कार्ड उघडलं. मी तारीख सांगितली. आपले आकडे तिला येईनात, म्हणून मी कागदावर काढून दिले आणि तिने आकार जुळवून ते बसवले. या हॉलचा पत्ता बसवला, दादाच्या घरचा पत्ता बसवला. मग तिने मला विचारलं, अँड द नेम? नाव काय करू?

मी म्हटलं, नाव राहू दे.

तिला कळलं नाही. क्रिटला ती नव्हती, तिला ते नाव वाचताच येत नव्हतं, इतके महिने ती नुसता आकार बघत आली होती. मी पुन्हा म्हटलं, नाव बदलायचं नाही. मग तिला कळलं. तिने लॅपटॉप मिटला आणि माझ्या किचनमध्ये खाली फरशीवर बसली.

दादाला फोन केला. तो म्हणाला, पाठव. वहिनींना विचारलं नाही. विचारण्यासारखं नव्हतं. थँक्सगिव्हिंगनंतर त्यांनी ते कार्ड बघितलेलं नाही, आजही बघितलेलं नाही. ते माझ्या मागे या भिंतीवर लावलं आहे आणि त्या पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या आहेत.

आता तुम्हाला विचारते. ती सकाळ आठवा. फोनवर गुड मॉर्निंग येत होतं. गुलाब येत होते. त्यात तो पांढरा कागद आला. कोणाचा अंगठा पुढे सरकला? हात वर करा. लाजू नका.

कोणाचाच नाही ना?

तुम्ही थांबलात. काही जणांनी गाडी बाजूला घेतली. आणि मग कोणीही विचारलं नाही, येऊ का. सरळ आलात. विलासकाका पायात घरातल्या सपाता घालून आले, ऑफिसची तयारी अर्धवट टाकून तसेच निघाले. संध्याकाळपर्यंत दादाच्या घरासमोर गाड्या लावायला जागा नव्हती. शेजारची गोरी बाई विचारायला आली, पार्टी आहे का? वहिनी, तुमच्या दारात त्या दिवशी जेवढी माणसं उभी होती ती त्या कागदाने आणली. त्या नावाने बोलावून आणली. मरणाला बोलवायला कागद लागत नाही हो, ते आपलं आपण येतं. माणसांना बोलवायला लागतो. तेवढंच काम तिने त्याला दिलं होतं, आणि त्याने ते केलं.

एप्रिलमध्ये तिकडे प्रदर्शन आहे. तिची भिंत तिच्यासाठी ठेवली आहे. हे कार्ड तिथे जाईल. त्यावर तारीख घातलेलं जाईल की नमुना जाईल, ते वहिनी ठरवतील. मी नाही.

झालं माझं. आता गुरुजी म्हणतील दोन मिनिटं उभे राहा. मी जरा वेगळं मागते. तिच्या शाळेत करतात तसं करू. उभे राहू आणि आधी नुसतं बघू. कोणी काही बोलायचं नाही, मनातल्या मनातसुद्धा वास्तू, कर्म, नशीब, काही नाही. डोळे मिटायचे नाहीत. तिने त्या नावाखाली एवढी जागा रिकामी सोडली आहे. ती आपल्याला थांबायला सोडली आहे.

ज्यांना उठवत नाही त्यांनी बसून बघा. वहिनी, तुम्ही बसा. तुम्ही नाही बघितलं तरी चालेल, कोणी काही म्हणणार नाही.

बरं. या. माझा हात धरा. दादा, खुर्ची मागे घे जरा. सावकाश या, घाई नाही.

रेवा, आई आली आहे बघायला. आता आम्ही सगळे गप्प राहतो.